ढगांतली घंटा

(काळा पडदा. धुकं. लाकडावर हातोडी पडल्याचा आवाज: ठक, ठक, ठक.)

मध्यरात्र. समुद्री चाच्यांच्या टोळीतल्या उसोपला जाग येते. धुक्यात, मोडक्या जहाजावर कुणीतरी उभं आहे आणि हातोडी मारतंय. उसोप घाबरून पळतो. सकाळी सगळे जाऊन पाहतात, तर जहाज दुरुस्त झालेलं, तेही अगदी पूर्वीच्या रूपात. कुणी केलं? कुणालाच माहीत नाही. आणि कथा पुढे निघून जाते.

हा प्रसंग 'वन पीस'मधल्या स्कायपियाचा, ढगांवर वसलेल्या बेटाचा. जुलै १९९७मध्ये एइचिरो ओडा यांनी 'वीकली शोनेन जम्प' या जपानी साप्ताहिकात ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू केली; लुफी आणि त्याची चाच्यांची टोळी तिचे नायक. नव्या वाचकाला हमखास एक सल्ला मिळतो: "अरबास्टा संपलं की ते आकाशातलं सोड. थेट वॉटर सेव्हनला ये." (अरबास्टा आणि वॉटर सेव्हन ही स्कायपियाच्या आधीची आणि नंतरची पर्वं.) मलाही हा सल्ला मिळाला होता आणि मी तो ऐकला होता. पानं भराभर उलटली. त्याची चुटपुट आजही आहे, म्हणून हा व्हिडिओ.

(पुढे कथेतली बरीच रहस्यं उघड होतील. वाचायचं बाकी असेल तर इथेच थांबा.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मुख्य वाटेपासून बाजूला जाणारी आडकथा म्हणजे फिलर नव्हे. मांगावरून बनलेला ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, मांगाच्या फार जवळ येऊन ठेपला की दूरचित्रवाणीवाले स्वतःचे भाग रचतात, ते फिलर. स्कायपियानंतर ॲनिमेत आलेला नौदलाच्या तळाचा भाग तसा आहे, आणि चांगलाही आहे. पण स्कायपिया ओडांनी स्वतः, आठवड्यामागून आठवडा काढलं. स्कायपियाच्या वाटेवरच्या जाया बेटापासून धरलं तर ८५ प्रकरणं. त्या काळात साप्ताहिक वाचणाऱ्याची जवळपास दोन वर्षं ढगांत गेली. वाचक वैतागले असतील तर मला समजतं.

पण ही कथा आहे कशाची?

(जायाचा नकाशा. कवटीच्या आकाराचं बेट, त्यातला अर्धा भाग गायब.)

चारशे वर्षांपूर्वी नोलंड नावाच्या दर्यावर्दीने आपल्या राजाला सांगितलं, जायावर सोन्याचं शहर आहे. राजा स्वतः गेला. तिथे काहीच नव्हतं. खोटारडा म्हणून नोलंडला मृत्युदंड झाला. लहान मुलांच्या गोष्टीत तो 'खोटारडा नोलंड' होऊन उरला आणि पिढ्यान् पिढ्या त्याच्या वंशजांनी टोमणे ऐकले. त्यांच्यातला क्रिकेट हा म्हातारा अजून त्या समुद्रात बुड्या मारतोय, शहर होतं की नव्हतं एवढंच जाणून घ्यायला.

शहर होतं. समुद्रातून उसळलेल्या प्रचंड प्रवाहाने अर्धं बेट, शहरासकट, आकाशात फेकलं होतं. वर ढगांत राहणाऱ्यांना माती माहीतच नव्हती. त्यांनी ती पवित्र मानली, आणि ज्यांची ती भूमी होती ते शांडियन तिच्यासाठी चारशे वर्षं लढत राहिले. शहराच्या सोन्याच्या घंटेचा आवाज ऐकून नोलंडने परत यावं, असं त्याच्या मित्राचं, काल्गाराचं, त्याच्याशी ठरलं होतं. ती घंटा तेव्हापासून मुकी होती.

आता मूळ कथा आठवा. समुद्री चाच्यांचा राजा रॉजर मरताना सांगून गेला की खजिना आहे. निम्मं जग त्यामागे धावतं, उरलेलं हसतं. जायाच्या दारूच्या गुत्त्यात बेलामी हा समुद्री चाचा लुफीला हेच सांगून हसतो, की स्वप्नांचा जमाना गेला. लुफी मार खातो, पण हात उचलत नाही.

वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळदमयंतीची कथा सांगतात. कुणाला? द्यूतात राज्य घालवून बसलेल्याला. कुणाची? द्यूतात राज्य घालवलेल्या नळाची. त्याला कुणी विषयांतर म्हणत नाही. ऐकणाऱ्याचंच दुःख दुसऱ्याच्या नावाने त्याच्यासमोर येतं. स्कायपिया 'वन पीस'मध्ये नेमकं हेच करतं. सगळे ज्याला थाप म्हणतात ते खरं असेल का, हा पूर्ण मांगाचा प्रश्न इथे एका बेटापुरता सोडवून दाखवला आहे.

(सोन्याची भांडी, मग जहाजाची फळी.)

आणि त्या सोन्याचं काय झालं पाहा. अजस्र सापाच्या पोटातून आणलेलं ते सोनं वॉटर सेव्हनमध्ये ३० कोटी बेरींना (बेरी हे तिथलं चलन) विकलं गेलं. त्यातले २० कोटी उसोपकडून, जहाजं तोडणाऱ्या फ्रँकीच्या माणसांनी लुटले. फ्रँकीने त्या पैशातून दुर्मीळ ॲडम वृक्षाचं लाकूड घेतलं, आणि त्याच लाकडाची पुढे थाउजंड सनी बांधली गेली. लुफीची टोळी आजही ज्या जहाजावर उभी आहे, त्याची किंमत आकाशातल्या त्या शहराने मोजली आहे.

त्याच वॉटर सेव्हनमध्ये कळतं की टोळीच्या जुन्या जहाजाचा, गोइंग मेरीचा, कणाच मोडलाय, ती दुरुस्त होणार नाही. त्यावरून उसोप आणि लुफी एकमेकांवर उठतात. स्कायपियातून आणलेला इम्पॅक्ट डायल, म्हणजे धक्का साठवून परत फेकणारा शिंपला, उसोप आपल्याच कप्तानावर वापरतो. धुक्यातली ती आकृती मेरीचा आत्मा होती, हेही तेव्हाच उलगडतं. आकाशातली ती रात्र वगळून आलेल्या वाचकाला इथे रडू येईलही, पण अर्धंच.

बाकी धागेदोरे पुष्कळ आहेत. स्कायपियाचा स्वयंघोषित देव एनेल याच्या माणसांचा 'मंत्र' म्हणजे पुढे कथेत येणारी हाकी ही शक्तीच, हे २०१० मध्ये कळलं. घंटेजवळ रॉजरच्या नावाने कोरलेल्या ओळी त्याच्या टोळीतल्या ओडेनच्या हातच्या होत्या, हे कळायला बरीच वर्षं लागली. २०२२ मध्ये लुफीच्या रूपात सूर्यदेव निका प्रकटला आणि लोक स्कायपियातली, शेकोटीभोवती नाचणारी लुफीची सावली पुन्हा शोधू लागले. या यादीवरूनच स्कायपियाची बाजू मांडणारे बरेच आहेत. मला ती बाजू लंगडी वाटते. वीस वर्षांनी उपयोगी पडणारा धागा आज पान उलटायला लावत नाही. पान आजच्या पात्रांसाठी उलटतं.

म्हणूनच लगेच पुढच्या डेव्ही बॅक फाइटचं, म्हणजे दोन टोळ्यांमधल्या खेळांच्या पर्वाचं, समर्थन मला करवत नाही. १९ प्रकरणं, आणि नौदलाचा अओकिजी उगवेपर्यंत कुणाचंच काही पणाला लागलेलं जाणवत नाही. हरलं तर सोबती गमवायचा, असा जीवघेणा नियम असूनही. ते पाच-सहा प्रकरणांत आटोपायला हवं होतं. आडवळण खटकतं ते तिथे.

(खाली समुद्र. एक म्हातारा होडीत.)

लुफीला एनेलला हरवण्यापेक्षा घंटा वाजवायची घाई असते. खाली क्रिकेटला कळायला हवं, म्हणून. तो घणाघाती ठोसा बसतो, आणि चारशे वर्षांनी तो नाद ढगांतून समुद्रावर उतरतो. क्रिकेट मान वर करतो. ढगांवर एका मुलाची अवाढव्य सावली पडलेली असते.

(घंटेचा नाद. मग फक्त लाटा.)