पाव इंची म्हणजे नक्की किती?

(रबाळे एमआयडीसीतल्या मेंटेनन्सच्या मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

फलकावर ‘सायलेन्सरची निवड’ वाचून कुणी बुलेट घेऊन आलं असेल तर माफ करा. आपला सायलेन्सर न्यूमॅटिक, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या, व्हॉल्व्हचा; बाहेर पडणाऱ्या हवेचा आवाज दाबणारा. पण आधी आट्यांचं भांडण मिटवू, कारण आणलेला माल परत जातो तो आवाजापायी नाही, आट्यापायी.

मुंबईच्या नागदेवी बाजारात जायचं आणि ‘पाव इंची द्या’ म्हणायचं, ही आपली खरेदी. पाव इंच म्हणजे 6.35 मिलीमीटर. आता पाव इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या पाइप आट्याला व्हर्नियर (माप घ्यायचा कॅलिपर) लावा: 13.16! ते नाव पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलं, बाहेरच्या आट्याला चिकटलं. एनपीटी, म्हणजे अमेरिकी पाइप आटा, त्याचंही नाव पाव इंचीच. बीएसपीला इंचात 19 आटे आणि कोन 55 अंश; एनपीटीला 18 आणि 60. शिवाय एनपीटी निमुळता, त्यामुळे टोकाला मोजलात तर व्हर्नियरही फसवतो. एकात दुसरा दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. मग आपला गडी मोठा पाना आणतो आणि व्हॉल्व्हच्या अॅल्युमिनियम बॉडीचे आटे खरवडून काढतो. अर्धा इंची तर त्याहून लबाड! दोन्हींना 14 आटे, गोडीगुलाबीने आत जातो. कोन जुळत नाही, म्हणून गळतो. पिच गेज, म्हणजे आटे तपासायची दातेरी पट्टी, आट्यावर ठेवा आणि उजेडाकडे धरा. फट दिसली की तो आटा आपला नाही.



आणि ती टेफ्लॉन टेप! एक्झॉस्टला, म्हणजे हवा बाहेर पडते त्या तोंडाला, दाब कोंडायचाच नसतो, तिथे टेप कशाला? तिचे धागे सुटून स्पूलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या सरकत्या दांड्यात, अडकतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, तीन मिनिटं. तर निवड. फाइव्ह-टू, म्हणजे पाच पोर्ट (हवेची तोंडं) आणि दोन स्थितींच्या, व्हॉल्व्हला सायलेन्सर 3 आणि 5 नंबरच्या एक्झॉस्ट पोर्टला. माप पोर्टाएवढंच, रिड्यूसर लावून लहान बसवलात की हवा तुंबते, सिलिंडर मंदावतो. उष्णता किंवा धक्के असतील तर सिंटर्ड ब्रॉन्झ (ब्रॉन्झची भुकटी तापवून जोडलेला सच्छिद्र धातू), नाहीतर प्लॅस्टिक. ते हलकं आणि आवाजही जास्त दाबतं. प्लॅस्टिकचा हाताने आवळा, पाना नको. लाइनमध्ये तेल असेल तर कोणताही चोंदणारच. सिलिंडर सुस्त झाला की हवा बंद करा, दाब सोडा, सायलेन्सर काढा, मग हवा सुरू करून, आपलं तोंड बाजूला ठेवून चालवून बघा. वेग परत आला तर दोषी तोच. ब्रॉन्झचा रॉकेलमध्ये भिजवून बाहेरून आत हवा मारा. प्लॅस्टिकचा टाकून द्या.

मागून विचारतायत, एनपीटीच्या पोर्टात बीएसपीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू का? नको. 18 वर 19 चढवलेत तर दोन्ही जातील. त्याच मापाचा अॅडॅप्टर आणा.