तृणमणीतल्या चिलटांची साक्ष

कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा तुम्ही बघितला असेलच. शाळेच्या सहलीत त्याच्यासमोर आ वासून उभा राहिला नाही, तो बडोदेकर कसला! आज मी बोलणार आहे ते मात्र चिलटांबद्दल. अंगानं एक-दोन मिलिमीटरची आणि वयानं 5 कोटी वर्षांहून मोठी.

आधी ही पुडी हुंगून पुढे द्या. काल मांडवीतून आणलेली राळ आहे, सालवृक्षाची. मशालीवर मूठभर उधळली की भपकन भडका उठतो. आपण ‘राळ उडवली’ म्हणतो ती हीच. झाडाला जखम झाली की ती पाझरते. खोडावर बसलेला किडा तिच्यात चिकटतो, वरून दुसरा ओघळ आला की संपलंच. पुढे ती गाळाखाली गाडली जाते, तिच्यातली उडून जाणारी द्रव्यं निघून जातात, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि तृणमणी तयार होतो. लोकरीवर घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून तृणमणी. आपल्या भाषेनं नाव झकास ठेवलंय.

तो बघायला युरोपात, तृणमणीसाठी नावाजलेल्या बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर जायची गरज नाही. भरूच ओलांडलं की सुरत जिल्ह्यात वस्तान आणि तडकेश्वर इथे लिग्नाइटच्या, म्हणजे एका प्रकारच्या कोळशाच्या खाणी आहेत. काळ्या थरांमध्ये मधाच्या रंगाचे खडे सापडतात. 2010 साली या खड्यांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: दीडशे किलोंवर तृणमणी, त्यात कीटक-कोळ्यांची 55 कुळं आणि शंभरावर जाती. राळ सालाच्याच कुळातल्या झाडांची. म्हणजे आज जिथे जूनपर्यंत धूळ उडते, तिथे तेव्हा घनदाट सदाहरित वर्षावन होतं. वाळवी आहे, म्हणजे कुजणारं लाकूड होतं. मधमाश्यांची भावंडं आहेत, म्हणजे फुलं होती.

आता खरी गंमत. भारताचा तुकडा जवळपास 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला आणि समुद्रातून उत्तरेला सरकत राहिला. इतकी वर्षं एकट्यानं काढलेल्या बेटावर जगावेगळे जीव असायला हवेत. मादागास्करवर लेमूर आहेत तसे. पण आपल्या चिलटांचे सोयरे निघाले बाल्टिकच्या तृणमणीत, आशियात, थेट मध्य अमेरिकेतसुद्धा! म्हणजे आशियाला पुरता भिडण्याआधीच भारताचं येणं-जाणं सुरू झालेलं होतं. मधल्या बेटांच्या माळेवरून म्हणा, वाऱ्यावर म्हणा. हिमालय अजून उभा राहायचा होता, आणि ही साक्ष दिली कुणी, तर चिलटांनी. मला तरी हाडांच्या ढिगाऱ्यापेक्षा ही साक्ष जास्त पटते.

आपल्या तृणमणीची आणखी एक खुबी. बाल्टिकचा खडा सहसा विरघळत नाही, त्यामुळे आतला किडा बाहेरूनच बघायचा. वस्तानच्या राळेतले रेणू तितके घट्ट गुंफलेले नाहीत. टोल्युइन किंवा क्लोरोफॉर्ममध्ये ती हळूहळू सुटते आणि किडा अख्खा हातात येतो. मिशा, पायांवरचे केस, पंखांची झालर, सगळं शाबूत. चिमटा जरा जोरात लागला तर मात्र गेला.

मघाशी कुणीतरी विचारलं, या चिलटांच्या पोटातून डायनासोरचं रक्त निघेल का? अहो, डायनासोर 6.6 कोटी वर्षांपूर्वीच संपले, यांची त्यांची भेटच नाही. आणि डीएनए इतका काळ टिकत नाही, तेव्हा तो नाद सोडा.

एक मात्र ध्यानात ठेवा, राळ पक्षपाती असते. बारकं अडकतं, दांडगं पाय सोडवून निघून जातं, आणि खोडापासून लांब राहणारं तिथे फिरकतच नाही. म्हणून मोठ्या जनावरांसाठी त्याच खाणीतल्या चिकणमातीकडे वळायचं. वस्तानच्या मातीत वटवाघळांचे जबडे आणि दात सापडलेत, एकदोन नाही, कितीतरी जातींचे. जगातल्या जुन्यात जुन्या वटवाघळांत त्यांची गणना होते. त्यांचे दात टोकदार आहेत, किडे फोडून खाणाऱ्यांचे. राळेतून सुटलेली चिलटं संध्याकाळी कुणाच्या तोंडी जात असतील, याचा माझा अंदाज तुम्ही ओळखला असेलच.