ब्लेडने कापलेलं संगीत

(लघु-माहितीपट : निवेदन)

(दृश्य : टेपचं मशीन, अगदी जवळून. बोटं रीळ पुढे-मागे करतात.)

हा आवाज एका तारेचा आहे. तार एकदाच छेडलेली. टेपवर तो जेमतेम काही इंचांत मावतो. तो नेमका कुठे सुरू होतो, हे कानाने शोधायचं. त्यासाठी रीळ हाताने सावकाश फिरवायचं, आवाज आला की थांबायचं, आणि पिवळ्या पेन्सिलीने टेपच्या पाठीवर खूण करायची. मग टेप धातूच्या खाचेत बसवायची आणि ब्लेडने तिरकी कापायची. सरळ कापली तर जोडावर खट्ट असा आवाज येतो. तिरक्या कापाने एक आवाज दुसऱ्यात अलगद शिरतो.

(दृश्य : दोन तुकडे चिकटपट्टीने जोडले जातात. नखाने पट्टी दाबली जाते.)

एक सूर झाला. आता पुढचा.

(दृश्य : लंडन, डेलावेअर रोड. पांढरी, बसकी, लांबच लांब इमारत.)

लंडनच्या मेडा व्हेल भागातली ही इमारत 1909 च्या सुमारास चाकांच्या बुटांवर घसरत फिरण्यासाठी बांधली गेली. पुढे ती बीबीसीच्या ताब्यात आली आणि तिथे स्टुडिओ झाले. 1958 साली त्यातल्या 13 नंबरच्या खोलीत रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू झालं. नाटकांना आणि रेडिओच्या कार्यक्रमांना कुठल्याही वाद्यातून निघणार नाहीत असे आवाज हवे होते, ते इथे बनवायचे. या खोलीसाठी बीबीसीतच काम करणाऱ्या डॅफ्नी ओरम आणि डेझमंड ब्रिस्को यांनी बीबीसीच्या मागे लकडा लावला होता. ओरम वर्षभरातच राजीनामा देऊन बाहेर पडल्या आणि केंटमध्ये त्यांनी स्वतःचं यंत्र बांधायला घेतलं. फिल्मच्या पट्ट्यांवर रेघा ओढायच्या, आणि त्या रेघांचा आवाज व्हायचा.

(दृश्य : टेबलावर ऑसिलेटर. मोठी गोल तबकडी, तिच्यावर आकडे. हात तबकडी फिरवतो, सूर चढत जातो.)

वर्कशॉपमधली यंत्रं बघा. यांतलं एकही संगीतासाठी बनलेलं नव्हतं. हा ऑसिलेटर इंजिनिअर लोकांचा. लाइन नीट चालते का, स्पीकर नीट वाजतो का, हे तपासायला त्यातून एक सपाट सूर सोडायचा, एवढंच त्याचं काम. बीबीसीच्या इतर विभागांनी मोडीत काढलेलं सामान या खोलीत यायचं आणि इथे त्याला दुसरा जन्म मिळायचा. दुकानात जाऊन सिंथेसायझर विकत आणण्याची सोय तेव्हा नव्हती. इंग्लंडमध्ये पीटर झिनोव्हिएफ यांच्या कंपनीने व्हीसीएस-थ्री नावाचा सिंथेसायझर बाजारात आणला तो 1969 मध्ये.

डेलिया डर्बिशर या खोलीत 1962 साली आल्या. जन्म कॉव्हेंट्रीचा, 1937 चा. युद्धात त्या शहरावर बॉम्ब पडले तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. हवाई हल्ल्याचे भोंगे हीच आपली इलेक्ट्रॉनिक आवाजांशी पहिली ओळख, असं त्या पुढे सांगत. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकल्या. एका नावाजलेल्या रेकॉर्ड कंपनीकडे नोकरीसाठी गेल्या, तर उत्तर मिळालं की आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही.

(दृश्य : टेप मशीनवर वेगाचा खटका. एकच आवाज तीन वेगांत.)

हे ऐका. आवाज तोच, तीच तार. रीळ दुप्पट वेगाने फिरवलं की सूर एक सप्तक वर जातो. निम्म्या वेगाने फिरवलं की एक सप्तक खाली. मधले सूर हवे असतील तर वेग मोजून बदलावा लागतो. एक अर्धस्वर चढायला वेग साधारण 5.9 टक्क्यांनी वाढवायचा, पुढच्या अर्धस्वराला पुन्हा तेवढ्याच पटीने. डर्बिशर हा हिशेब लॉगॅरिदमच्या कोष्टकांवरून करायच्या. लांबीचाही हिशेब होताच. टेप सेकंदाला 15 इंच पळत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंच. ताल पट्टीने मोजला जायचा.

1963 साली रॉन ग्रेनर या संगीतकाराचा एक कागद त्यांच्या हाती आला. 'डॉक्टर हू' नावाची नवी मालिका येणार होती. काळातून प्रवास करणारा एक म्हातारा, म्हणजे डॉक्टर, आणि त्याचं यंत्र. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. ग्रेनर यांनी सुरावट लिहिली होती. कोणत्या आवाजात काय हवं ते मात्र शब्दांत लिहून ठेवलं होतं : वाऱ्याचे बुडबुडे, ढग. कागद देऊन ते सुट्टीवर निघून गेले.

वाऱ्याचा बुडबुडा कसा वाजवायचा, हे आता डर्बिशर आणि त्यांचे सहकारी डिक मिल्स यांनी ठरवायचं होतं.

(दृश्य : तार छेडणारं बोट. मग टेप. मग जोड. मग पुन्हा टेप. इथे थोडा वेळ निवेदन नको.)

खालचा ठेका त्या एका तारेचा. प्रत्येक सूर वेगळ्या वेगाने उतरवलेला, मापाने कापलेला, हाताने जोडलेला. तिनाच्या लयीत तो पुढे पळतो, आणि मधेमधे खालून वर घसटत येणारा एक छोटा सूर आहे, तोही स्वतंत्र तुकडा. वरची धून ऑसिलेटरची. तिच्यातली मींड ऐका. तबकडीवरचा हात फिरतो आहे म्हणून ती आहे. सतारीवर तार ओढताना बोटाला जेवढं भान लागतं, तेवढंच इथे मनगटाला लागलं. आणि ढग? खालचे-वरचे सगळे सूर एकदम असलेला सरसकट खरखराट घ्यायचा, फिल्टरने त्यातला हवा तेवढाच भाग पुढे सोडायचा. फुत्कार तयार होतो.

अनेक आवाज एकाच टेपवर शेजारी-शेजारी ठेवायची सोय या खोलीत नव्हती. म्हणून ठेक्याची एक टेप, धुनेची दुसरी, फुत्कारांची तिसरी. तिन्ही मशीनं एकदम सुरू करायची आणि जे बाहेर येईल ते आणखी एका टेपवर उतरवायचं. मशीनं जरा मागेपुढे झाली की पुन्हा पहिल्यापासून.

(दृश्य : लांब बोळ. जमिनीवर शेजारी-शेजारी पसरलेल्या टेपा.)

एकदा सगळं जमलं, पण एक सूर चुकीच्या जागी पडत होता. कोणत्या टेपमध्ये, ते कळेना. डिक मिल्स यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. त्यांनी टेपा वर्कशॉपबाहेरच्या बोळात एकमेकींशेजारी उलगडल्या आणि त्यांच्या कडेने चालत जोड मोजायला सुरुवात केली. एका मिनिटाच्या संगीताला 75 फूट टेप लागते, म्हणजे बोळही लांबच हवा. शेवटी एका टेपवरचा एक जोड बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही असं दिसलं. चूक कानाने ऐकली होती, सापडली डोळ्यांनी.

ग्रेनर सुट्टीवरून परतले, त्यांनी ते ऐकलं आणि विचारलं, हे मी लिहिलंय? डर्बिशर म्हणाल्या, बरंचसं.

23 नोव्हेंबर 1963 च्या संध्याकाळी ते प्रसारित झालं. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झाली होती. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

(दृश्य : उघडा, जुना पियानो. आतल्या जाड तारांवरून किल्ली खरवडत जाते.)

डॉक्टरच्या यंत्राचा आवाज ब्रायन हॉजसन यांनी केला. आईच्या घराची किल्ली घेतली आणि मोडक्या पियानोच्या जाड तारांवरून खरवडत नेली. मग तो आवाज टेपवर घेऊन उलटसुलट फिरवला, त्याचाच प्रतिध्वनी त्याच्यात मिसळला. यंत्र निघतं, यंत्र उतरतं. साठ वर्षं उलटून गेली, मूळ अजून तेच आहे.

(दृश्य : प्रदर्शनातला डालेक. घुमटावरचे दिवे. पुढे आलेला डोळा कॅमेऱ्याकडे वळतो.)

आणि हा डालेक, मालिकेतला डॉक्टरचा शत्रू. 1963 च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा पडद्यावर आला. आकार रेमंड क्युसिक यांचा. आत एक माणूस बसून त्याला ढकलतो. आवाज मात्र बाहेर मायक्रोफोनपाशी उभ्या असलेल्या नटाचा, आणि तोही थेट आपल्यापर्यंत येत नाही. मधे ही पेटी आहे, रिंग मॉड्युलेटर.

(दृश्य : पेटीचं झाकण उघडतं. वर्तुळात जोडलेले चार डायोड.)

पेटीत दोन गोष्टी शिरतात : माणसाचा आवाज आणि 30 हर्ट्झची घरघर. पेटी त्यांचा गुणाकार करते. आवाजात 200 हर्ट्झ असेल, तर बाहेर 230 आणि 170 पडतात. मूळचे 200 गायब होतात. माणूस बोलतोय हे कळतं, शब्द कळतात, पण गळ्याचे सूर ज्या नात्याने बांधलेले असतात ते नातं तुटलेलं असतं. शब्दातला स्वर जितका ताणाल, तितकी ही मोडतोड ठळक. पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम या नटांनी तसं बोलून दाखवलं, आणि मुलं सोफ्यामागे लपली.

(दृश्य : पत्र्याची लॅम्पशेड. एक टोला. नाद बराच वेळ राहतो.)

डर्बिशर यांचं आवडतं वाद्य हे होतं, एक जुनी लॅम्पशेड. टोल्याचा पहिला ठणका कापून टाकायचा, फक्त मागचा नाद ठेवायचा. वाळवंटातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी त्यांनी या नादातले सगळ्यांत ठळक 12 सूर वेगळे काढले आणि 12 ऑसिलेटरवर तो नाद पुन्हा बांधला. उन्हात थरथरणारं क्षितिज त्यातून ऐकू येतं.

(इथे तो नाद पूर्ण विरू द्यावा.)

मालिकेच्या श्रेयनामावलीत नाव होतं ग्रेनर यांचं आणि वर्कशॉपचं. डर्बिशर यांना वाटा मिळावा असं खुद्द ग्रेनर म्हणत होते. बीबीसीच्या नियमांत ते बसलं नाही. डर्बिशर 1973 साली तिथून बाहेर पडल्या, 2001 मध्ये वारल्या. वर्कशॉप 1998 मध्ये बंद झालं. पडद्यावर त्यांचं नाव आलं 2013 साली, मालिकेच्या पन्नाशीला.

(दृश्य : कप्प्यात रचलेली रिळं. डब्यांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या.)

त्यांच्या घराच्या माळ्यावर 267 रिळं निघाली. ती आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत. त्यातल्या एका रिळावर साठच्या दशकाच्या अखेरचा एक छोटा तुकडा आहे. सुरुवातीला त्यांचा स्वतःचा आवाज येतो : हे सोडून द्या, नुसतं ऐकायला म्हणून आहे. आणि ठेका सुरू होतो. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या तरुण पोरांनी संगणकावर रचला आणि रात्र-रात्र नाचली, अगदी तसा ठेका.

(तुकडा शेवटपर्यंत वाजू द्यावा. श्रेयनामावली त्यावरच.)