‘लिबर्टेरियन’ मूळचे कोणाचे?

(दृश्य: मांडवी, मग मध्यवर्ती ग्रंथालयाचे काचेचे मजले)

पायाखालच्या या जाड काचेतून उजेड थेट खालच्या कपाटांपर्यंत उतरतो. वडोद्याच्या या ग्रंथालयाची घडी बसवण्यासाठी सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले. राज्यसंस्थेने मनात आणले तर काय उभे राहते हे दाखवणाऱ्या या शहरातच विनायक नरहर भावे शिकले, आणि पुढे विनोबा म्हणून त्यांनी शासनमुक्त समाजाचा ध्यास घेतला.

(दृश्य: जुन्या घरातील चूल)

आपली प्रमाणपत्रे त्यांनी आईसमोर अशाच चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीला गेले. तिथे त्यांच्या वाचनात आलेल्या भाषणात गांधीजींनी स्वतःला ‘निराळ्या प्रकारचा अराज्यवादी’, म्हणजे राज्यसंस्थाच नको मानणारा अॅनार्किस्ट, म्हटले होते.

(दृश्य: शब्दकोशाची पाने उलटणारा हात)

आज ‘लिबर्टेरियन’ म्हटले की खुला बाजार आणि कमी कर आठवतात. शब्द मात्र जन्माने अराज्यवाद्यांचा. जोसेफ देजाक हा भिंतींना कागद चिकटवणारा फ्रेंच कारागीर. स्त्रीला बरोबरीची न मानणाऱ्या प्रूधाँ या फ्रेंच अराज्यवादी विचारवंताला १८५७ मध्ये न्यू ऑर्लिन्सहून पत्र लिहून त्याने सुनावले, की तुमचा अराज्यवाद अर्धाच आहे, तुम्ही ‘लिबेर्तेर’ (‘लिबर्टेरियन’चे फ्रेंच रूप) नाही. आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधून त्याच नावाचे वृत्तपत्र काढले. जवळपास शंभर वर्षांनी, ‘लिबरल’ हे नाव सरकारी हस्तक्षेप मागणाऱ्यांकडे गेल्याने ते हातचे गमावलेल्या अमेरिकी बाजारवाद्यांनी हा शब्द उचलला. त्यांच्यातले मरे रॉथबार्ड पोलीस आणि न्यायालयेही बाजारावर सोपवायला निघाले, तर रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये किमान राज्यावर समाधान मानले.

सरकारविषयीचा अविश्वास अराज्यवादी आणि बाजारवादी दोघांचा सारखाच. फारकत होते ती मालमत्तेपाशी. बाजारवाद्याला खाजगी मालकी हे स्वातंत्र्याचे कुंपण वाटते, तर प्रूधाँने १८४० मध्येच मालमत्तेला चोरी ठरवले होते.

(दृश्य: पदयात्रेची कृष्णधवल छायाचित्रे)

विनोबा या वादात कुठे बसतात, हे ग्रामदानावरून कळते. तिथे शेतकरी जमिनीची मालकी गावाच्या नावे करतो, कसतो मात्र स्वतःच. म्हणजे सरकारही नको आणि मालकही नको. देजाकला हे पटले असते, असे आम्हाला वाटते. पण त्यांच्या भूदान चळवळीत मिळालेली बरीचशी जमीन नापीक निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही. आणि ग्रामदानाला मान्यता मिळावी म्हणून विधानसभांना कायदे करावे लागले.

(दृश्य: ग्रंथालयाचा मिटणारा दरवाजा)