रॅकेटवरची ती दोन अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार.

बॅडमिंटनची चांगली रॅकेट घ्यायची ठरवली, की कोर्टावरचा कुणीतरी हमखास बजावतो, "घ्यायची तर जेपीच घे!" रॅकेटवर छापलेल्या जेपी या दोन अक्षरांपायी लोक जास्तीचे पैसे मोजतात, आणि मला ते मुळीच पटत नाही.

योनेक्स या जपानी कंपनीची रॅकेट हातात घ्या. मूठ संपून दांडी सुरू होते तिथे निमुळती टोपी असते, तिला कोन म्हणतात. त्यावर बारीक आकडे असतात आणि सोबत दोन इंग्रजी अक्षरं. जेपी म्हणजे जपान, सीएच चीन, टीडब्ल्यू तैवान, एसपी सिंगापूर. एसपी तर आपल्याकडेही कितीतरी खेळाडूंच्या हातात दिसतं. रॅकेट कुठल्या बाजारासाठी पाठवली, एवढंच ही अक्षरं सांगतात. ती बनली कुठे, ते वेगळं लिहिलेलं असतं. अ‍ॅस्ट्रॉक्स 99 प्रो हे योनेक्सचंच मॉडेल उदाहरणादाखल घ्या. कोनावर एसपी असो वा जेपी, रॅकेट जपानमध्येच बनलेली. मग जेपीला जास्त पैसे कशाचे?

फरक असतो तो वजनाचा आणि मुठीचा, कारण प्रत्येक बाजारात सगळे पर्याय मिळतातच असं नाही. म्हणून खरं वाचायचं ते '4यू जी5' असं लिहिलेलं. 3यू म्हणजे साधारण 85 ते 89 ग्रॅम, 4यू म्हणजे 80 ते 84. यूचा आकडा वाढला की रॅकेट हलकी होते. योनेक्समध्ये जीचा आकडा वाढला की मूठ बारीक होते. पाच ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण तिसऱ्या गेममध्ये खांदा भरून आला की त्यांची किंमत कळते. शाळकरी मुलाच्या हातात तर केवळ जेपी आहे म्हणून जड रॅकेट देऊच नका.

दुसरी गोष्ट वॉरंटीची. परदेशातून कुणाकडून रॅकेट मागवणार असाल, तर इथे तिची वॉरंटी चालेल का, ते आधी विचारून घ्या. फ्रेमला तडा गेल्यावर विचारून उपयोग नसतो.

आणि नकली माल? तो बनवणारा कोनावर हवी ती अक्षरं छापू शकतो. तेव्हा अक्षरं बघून निर्धास्त होऊ नका. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, पक्कं बिल मागा, आणि गटिंग, म्हणजे रॅकेटची जाळी विणून घेण्याआधी फ्रेम उजेडात नीट फिरवून बघा.