शिरोलीचं बीड, दुबईचं पाणी

[दृश्य : कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्याच्या पॅकिंग शेडमध्ये कंटेनर भरणं चालू]

कोल्हापूरला बंदर नाही. तरी इथल्या शेडमध्ये 'व्हेसल, म्हणजे जहाज, कधीचं आहे?' हा प्रश्न कायम ऐकू येतो.

वीस फुटी कंटेनर बघा. निम्मा रिकामा वाटतो, पण वजनाची मर्यादा भरत आली. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या धंद्यात जागा उरते, टन उरत नाहीत.

इथून मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर साधारण चारशे किलोमीटर. बंदरात मात्र दुबईला जाणारा माल आणि युरोपात रॉटरडॅमला जाणारा माल, दोघांना रांग सारखीच. तीच कस्टमची कागदं, तोच यार्ड, तीच क्रेन. पुढे दुबईच्या जबल अली बंदराला जहाज तीन-चार दिवसांत लागतं. सुएझमार्गे रॉटरडॅमला तीन-चार आठवडे. अंतर पाचपटीहून जास्त, पण भाडं त्या हिशेबानं वाढत नाही. इंधन वाढतं, मालाची चढ-उतार तेवढीच राहते. शिवाय लांबच्या मार्गावर हजारो कंटेनरची जहाजं, त्यामुळे खर्च वाटला जातो.

जवळच्या फेरीत उलट होतं. समुद्रात तीन दिवस आणि बंदराच्या आत-बाहेर तेवढेच, कधी जास्तही.

[दृश्य : शाहूपुरी, गुळाचे सौदे]

शाहूपुरीची ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली वसवली. इथला गूळ मोठ्या प्रमाणात गुजरातला जातो, तोही ट्रकनं. एक घाट उतरला की रत्नागिरीचा किनारा. गुजरातलाही समुद्र आहेच. मग जहाज का नको? कारण ट्रक इथं भरतो आणि थेट तिकडच्या पेठेत रिकामा होतो. जहाजानं पाठवायचा तर ट्रकमधून बंदर, बंदरातून जहाज, परत ट्रक. एवढ्या उचल-ठेवीत गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, फुटणार, आणि खाऱ्या दमट हवेत गुळाला पाणी सुटणार ते वेगळंच.

[दृश्य : कास्टिंगवर, म्हणजे ओतून केलेल्या भागावर, पिशवी चढवणारे हात]

लांबच्या प्रवासाचा शत्रू गंज. गरम हवेत बंद केलेला कंटेनर युरोपच्या थंडीत शिरला की आतल्या पत्र्याला घाम फुटतो, थेंब खाली पडतात. म्हणून मशिनिंग केलेल्या भागावर गंजरोधक तेल, मग व्हीसीआय, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणारी पिशवी. हा कामगार पिशवीचं तोंड दोनदा दुमडून मगच टेप लावतो. कंटेनरच्या भिंतीला ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. दुबईच्या मालाला इतकी काळजी सगळेच घेतात असं नाही. घ्यावी, असं आमचं मत.

2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. युरोपची फेरी दहा ते चौदा दिवसांनी लांबली. फाउंड्रीवाल्याला त्याचा अर्थ एवढाच, की ओतकाम आधी उरकायचं आणि बिलाचे पैसे नंतर. तोवर कामगारांचे पगार, भट्टीचं वीजबिल थांबत नाही. पैसे पाण्यात गेले नाहीत, पाण्यावर अडकले.

दुबईच्या मालाची भानगड निराळी. जहाज तीन-चार दिवसांत पोचतं, आणि मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घ्यायचा जहाज कंपनीचा कागद, बँकेच्या टपालातच असतं. कागद नाही तर माल सुटत नाही, उशीर झाला की डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड, चालू. म्हणून ओळखीच्या, पैसे आधी देणाऱ्या गिऱ्हाइकाला इथले निर्यातदार मूळ बिल जहाज कंपनीकडे जमा करून तिकडे थेट माल सोडायला सांगतात. नव्या गिऱ्हाइकाला ही सवलत नाही. बिल हातात आहे तोवर माल आपला.