यंत्र वर्गात येतं तेव्हा : भाषाशिक्षकांच्या परिषदांची गोष्ट

(दृश्य : सभागृहाबाहेर नोंदणीची रांग. गळ्यात ओळखपत्रं, हातात जाडजूड कार्यक्रमपत्रिका.)

सकाळचे साडेआठ. बीजभाषणाला अजून अवकाश आहे, पण रांगेतल्या बऱ्याच जणांनी पेन काढून कार्यक्रमपत्रिकेवर खुणा करायला घेतल्या आहेत. एकाच वेळी दहा-बारा खोल्यांत सत्रं भरणार. एक गाठायचं तर बाकीची सोडावी लागणार. ‘मोठ्या वर्गात बोलण्याचा सराव’, ‘मोबाइलवर उच्चार’, ‘यंत्रानं लिहिलेला निबंध कसा ओळखायचा’. आणि शेवटी, ‘व्याकरण शिकवावं का?’ हा शेवटचा प्रश्न अशा यादीत नाही, असं सहसा होत नाही.

यांतलं कुणी फ्रेंच शिकवतं, कुणी अरबी, कुणी इंग्रजी. कुणी निर्वासितांना त्यांच्या नव्या देशाची भाषा शिकवतं. रजा टाकून, कितीदा तरी पदरमोड करून ही मंडळी इथवर येतात. कारण शिक्षकाचा पेशा माणसांनी भरलेला असला, तरी त्यात एकटेपणही फार आहे. वर्गाचं दार लागलं की आत काय फसलं, काय साधलं, ते शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्यालाही कळत नाही. आणि दर काही वर्षांनी त्या दारातून एक नवं यंत्र आत येतं. त्याचं काय करायचं ते बहुधा आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

ते शिक्षकांनी स्वतः, एकत्र बसून ठरवायचं, ही धडपड बरीच जुनी आहे.

(दृश्य : जुनी छापील पानं. ध्वनिलिपीतले अक्षरांचे तक्ते.)

१८८२ साली जर्मनीत विल्हेल्म फिएटर या भाषाशिक्षकानं टोपणनावानं एक पुस्तिका छापली. भाषा शिकवण्याची दिशाच बदलायला हवी, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा परकी भाषा शिकायची म्हणजे व्याकरणाचे नियम घोकायचे आणि सुटी वाक्यं भाषांतरित करायची. बोलणं राहिलंच बाजूला. चार वर्षांनी, १८८६ मध्ये, पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकारानं काही शिक्षक एकत्र आले आणि त्यांनी ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांची संघटना काढली. उच्चार कागदावर नेमका उतरवता यावा, म्हणून या संघटनेनं १८८८ मध्ये एक लिपी प्रसिद्ध केली. आज शब्दकोशात शब्दापुढे उच्चार दाखवणाऱ्या ज्या खुणा दिसतात, ती आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी याच कामातून वाढली. नंतर भाषाशास्त्रज्ञांनी ती आपलीशी केली आणि तिचं मूळ वर्गात आहे हे मागे पडलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. भाषाशिक्षणातलं इतकं टिकाऊ साधन शिक्षकांनी आपली गरज ओळखून, आपसात पत्रं लिहून, वाद घालून घडवलं होतं.

१९३१ मध्ये पॅरिसमध्येच आधुनिक भाषांच्या शिक्षकसंघांचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. मग महायुद्ध आलं. आणि त्यानंतर आलं एक वेगळंच यंत्र.

(दृश्य : कृष्णधवल चित्रण. ओळीनं लाकडी कप्पे, प्रत्येकात हेडफोन लावलेला एक विद्यार्थी. समोर टेपरेकॉर्डरची चाकं फिरताहेत.)

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघानं स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. विज्ञान आणि गणिताच्या जोडीला परकीय भाषांच्या शिक्षणासाठीही सरकारी पैसा वाहू लागला. त्या पैशातून शाळाशाळांमध्ये भाषा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. कल्पना आकर्षक होती. विद्यार्थी ध्वनिफितीवरचं वाक्य ऐकणार, म्हणणार, पुन्हा ऐकणार. हजारदा म्हटलं की जिभेला वळण लागेल, असा विश्वास त्यामागे होता.

तसं घडलं नाही. साठच्या दशकात पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या शाळांमध्ये यावर मोठा अभ्यास झाला. प्रयोगशाळेत बसणाऱ्या मुलांची प्रगती पारंपरिक पद्धतीनं शिकणाऱ्यांपेक्षा सरस असल्याचं त्यातून काही निघालं नाही. यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त कोण करणार? फितीवरचं वाक्य आणि पुस्तकातला धडा जुळत नसेल तर काय? मूल हेडफोन लावून चुकीचंच म्हणत राहिलं, तर ते कुणाच्या कानावर जाणार? कप्पे खरेदी करताना हे प्रश्न शिक्षकांना क्वचितच विचारले गेले. हळूहळू बऱ्याच प्रयोगशाळांना कुलपं लागली.

त्याच दशकात भाषाशिक्षकांच्या मोठ्या संघटना एकापाठोपाठ एक जन्माला आल्या. इतर भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांचं पहिलं अधिवेशन १९६४ मध्ये ॲरिझोनातल्या टूसान शहरात भरलं. त्यातूनच १९६६ साली टीसोल ही संघटना झाली. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्यांचीच आयटेफल आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत परकीय भाषाशिक्षकांची ॲक्टफल. या सगळ्यामागे टेपरेकॉर्डर होता असं म्हणणं धाडसाचं ठरेल. स्थलांतर वाढलं होतं, इंग्रजीची मागणी वाढली होती, विद्यापीठं वाढली होती. पण नव्या पद्धती आणि नवी यंत्रं वर्गावर येऊन आदळत असताना त्यांच्याबद्दल मोकळेपणानं बोलायला शिक्षकांना एक जागा मिळाली, हे खरं.

संगणक आल्यावर हेच पुन्हा घडलं. संगणकाच्या साहाय्यानं भाषा शिकवणाऱ्यांची कॅलिको ही संघटना अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झाली, युरोपात युरोकॉल, आणि १९९८ मध्ये मेलबर्नला या विषयाची पहिली जागतिक परिषद भरली.

(दृश्य : प्रदर्शनाचं दालन. झगमगते स्टॉल, मोठे पडदे, कापडी पिशव्या वाटणारे प्रतिनिधी.)

अशा प्रत्येक अधिवेशनाला दोन बाजू असतात. पहिली समोर दिसते आहेच. प्रकाशक, ॲपवाले, परीक्षा घेणाऱ्या कंपन्या. यांच्या पैशाशिवाय मोठं अधिवेशन पेलणं अवघड असतं, त्यामुळे त्यांना नाक मुरडण्यात अर्थ नाही. इथे नवी साधनं हाताळून पाहता येतात. पण इथली वाक्यं सगळी एकाच काळातली असतात, भविष्यकाळातली. मुलं आवडीनं शिकतील. तुमचा वेळ वाचेल.

दुसरी बाजू बघायची तर जिना चढून वर जावं लागतं.

(दृश्य : एक लहान खोली. तीसेक खुर्च्या, त्याहून जास्त माणसं. काही जण भिंतीला टेकून उभे.)

इथे एक शिक्षिका सांगते आहे की तिनं वर्गात उच्चार तपासणारं ॲप वापरलं, आणि तिसऱ्या आठवड्यात मुलांनी ते बंद केलं. का? ते ॲप एकाच धाटणीचा उच्चार बरोबर धरत होतं. मुलांचं बोलणं माणसांना कळत होतं, यंत्राला मात्र ते चूक वाटत होतं. खोलीत माना हलतात. मागून कुणीतरी विचारतं, मग तुम्ही काय केलंत? आता उत्तर भूतकाळात येतं. मुलांना एकमेकांचे आवाज मुद्रित करायला लावले. ऐकणाऱ्याला जे कळलं नाही तेवढंच सुधारायला सांगितलं. पेनं चालू लागतात.

परिषदेचा खरा ऐवज या खोलीत आहे, असं माझं ठाम मत आहे.

परिषदांमध्ये भांडणंही होतात, आणि व्हायलाच हवीत. सन २००० मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारे स्कॉट थॉर्नबरी यांनी आयटेफलच्या वार्तापत्रात एक छोटा लेख लिहिला. पुस्तकं, फिती, कार्यपत्रिका यांच्या ढिगाखाली वर्गातला संवादच गुदमरतो आहे. शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांशी जे बोलतात त्यातूनच धडा घडू द्या, असा त्याचा रोख होता. बाहेरची सजावट नाकारणाऱ्या डेन्मार्कच्या सिनेदिग्दर्शकांच्या एका चळवळीवरून या विचाराला डॉग्म हे नाव मिळालं. पुढे कित्येक वर्षं सत्रासत्रांत त्यावर वाद झाले. साधनं हवीत की नकोत, यापेक्षा साधनांच्या गर्दीत मूल कुठे आहे, याकडे त्या वादानं लक्ष वेधलं.

दुसरं भांडण आणखी तापलेलं. एप्रिल २०१४, इंग्लंडमधलं हॅरोगेट. आयटेफलच्या अधिवेशनात व्यासपीठावर होते शिक्षणसंशोधक सुगत मित्रा. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात वस्तीला लागून असलेल्या भिंतीत त्यांनी एक संगणक बसवला होता. शिकवायला कुणी नसतानाही तिथली मुलं तो वापरायला शिकली. या कामासाठी २०१३ मध्ये त्यांना टेड या व्याख्यानं भरवणाऱ्या संस्थेचं १० लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं. मुलं, इंटरनेट आणि एखादा चांगला प्रश्न एवढं असलं तर बरंचसं शिकणं आपोआप घडतं, ही त्यांची मांडणी. समोर बसले होते शेकडो शिक्षक. काहींनी ते भाषण डोक्यावर घेतलं. काही संतापले. पुरावा पुरेसा आहे का? दुबळी मुलं मागे पडत नाहीत ना? आणि शिक्षकाविना चालतं हे एकदा मान्य झालं, तर शिक्षकांवरचा खर्च कापायला निमित्तच मिळणार नाही का? अधिवेशन संपलं तरी हा वाद कितीतरी आठवडे धगधगत होता.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, एवढी मोठी कल्पना ज्यांच्या कामावर थेट परिणाम करणार होती, त्यांच्यासमोर ती मांडली गेली आणि त्यांना तिथल्या तिथे हरकत घेता आली. भाषा प्रयोगशाळेच्या वेळी ही संधी शिक्षकांना फारशी मिळाली नव्हती.

(दृश्य : रिकामं सभागृह. मग पडद्यावर लहान लहान चौकटींत चेहरे.)

२०२० च्या वसंतात करोनाच्या साथीमुळे टीसोलचं डेन्व्हरचं आणि आयटेफलचं मँचेस्टरचं, दोन्ही अधिवेशनं रद्द झाली. जगभरात १५० कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा आणि महाविद्यालयं बंद पडली. ज्यांनी कधी व्हिडिओ कॉलवर दोन माणसांना जोडलं नव्हतं, त्या शिक्षकांना चाळीस मुलांचा वर्ग पडद्यावर चालवायचा होता. त्या महिन्यांत वेबिनारचा पूर आला. टीसोलनं जुलैमध्ये आपलं अधिवेशन ऑनलाइन घेतलं. आयटेफलची मंडळी प्रत्यक्ष भेटली ती थेट २०२२ मध्ये, बेलफास्टला.

ऑनलाइन अधिवेशनांनी एक दार मात्र उघडलं. विमानाचं तिकीट, हॉटेल, व्हिसा, नोंदणी शुल्क हे सगळं परवडणारे शिक्षक जगात थोडेच. लहान मुलं घरी असणाऱ्या, कंत्राटावर तासिका घेणाऱ्या, दूरच्या गावात एकट्यानं शिकवणाऱ्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठं अधिवेशन पाहिलं ते पडद्यावर. ही वाट पूर्वीही होती. टीसोलच्या स्वयंसेवक शिक्षकांनी २००१ पासून इलेक्ट्रॉनिक व्हिलेज ऑनलाइन हा इंटरनेटवरच्या सत्रांचा उपक्रम चालवला आहे. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पाच आठवडे, विनामूल्य, जगात कुणालाही खुलं. साथीच्या काळात या वाटेचं मोल सगळ्यांना कळलं.

काही हरवलंही. दोन सत्रांच्या मधला चहा हरवला. ‘माझ्या वर्गातही असंच होतं’ हे वाक्य चॅटच्या खिडकीत सहसा कुणी लिहीत नाही. ते बोललं जातं जिन्यात, पाण्याच्या बाटल्या भरताना.

(दृश्य : पुन्हा ती लहान खोली. पडद्यावर दोन परिच्छेद शेजारी शेजारी.)

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. त्यानंतर या खोल्यांमध्ये एक प्रश्न वारंवार उठू लागला : हा निबंध कुणी लिहिला?

यंत्रानं लिहिलेला मजकूर ओळखून देतो असं सांगणारी साधनंही लगोलग बाजारात आली. ज्या कंपनीनं चॅटजीपीटी बनवलं, त्या ओपनएआयनं स्वतःचं ओळख-साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि ते पुरेसं अचूक नसल्यानं जुलैमध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भाषाशिक्षकांनी तो दोनदा वाचावा. त्यांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. निबंध माणसांचेच होते. तरी या साधनांनी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र त्यांनी जवळजवळ बिनचूक ओळखले.

असं का झालं? ही साधनं मजकुरातला पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. अपेक्षित शब्द फार आले की त्यांना यंत्राचा वास येतो. आणि नवी भाषा शिकणारा माणूस काय करतो? ओळखीचे शब्द, पाठ झालेली वाक्यरचना, सुरक्षित वाट. म्हणजे ज्यांनी प्रामाणिकपणे, अडखळत, मेहनतीनं लिहिलं, त्यांच्यावरच आळ येण्याची शक्यता सर्वांत जास्त. संशोधकांनी तेच निबंध चॅटजीपीटीकडून भारदस्त शब्दांत सजवून घेतले, तेव्हा ते यंत्राचे ठरण्याचं प्रमाण उलट घसरलं!

एखाद्या संस्थेनं असं साधन विकत घेतलं असेल, तर तिथल्या एकट्या शिक्षकाला त्याविरुद्ध बोलणं जड जातं. परिषदेतून तो परत जातो तेव्हा त्याच्या हातात हा अभ्यास असतो, पाठीशी चाळीस सहकाऱ्यांचा अनुभव असतो आणि काही पर्याय असतात. निबंधाचे कच्चे खर्डे मागायचे. लिहून झाल्यावर पाच मिनिटं त्यावर तोंडी बोलायला लावायचं. यंत्राचं उत्तर वर्गासमोर ठेवून त्यातल्या चुका शोधायला लावायच्या. यांतलं काहीही विनासायास होत नाही. तोंडी बोलायला वेळ लागतो, साठ मुलांच्या वर्गात तर फारच. म्हणूनच या खोल्यांमधली चर्चा आता साधनांकडून वेळापत्रकाकडे आणि वर्गातल्या पटसंख्येकडे वळते आहे.

(दृश्य : अधिवेशनाचा शेवटचा दिवस. स्टॉल आवरले जाताहेत.)

अडचण पुढे सुरू होते. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० मध्येच सांगितलं होतं की भाषण ऐकून आणि प्रात्यक्षिक पाहून शिक्षकाची वर्गातली सवय सहसा बदलत नाही. त्यासाठी सराव लागतो, कुणीतरी पाहून मत द्यावं लागतं, आणि आपल्याच शाळेत सोबतीला एखादा सहकारी लागतो. अधिवेशनाहून परतलेल्या शिक्षकाच्या वहीत पंचवीस कल्पना असतात. सोमवारी पहिल्या तासाला त्यांतली एकही उघडायला सवड नसते. शिक्षकांना पाठवणाऱ्या संस्थाही प्रमाणपत्र फाइलला लावतात आणि विषय संपवतात.

म्हणून आयोजकांपुढे एक मागणी ठेवावीशी वाटते. सत्रासाठी प्रस्ताव मागवताना अर्जात एक रकाना वाढवा : हे तुम्ही वर्गात किती आठवडे वापरलं, आणि काय जमलं नाही? ज्यांनी तो रकाना मनापासून भरला, त्यांना वीस मिनिटांऐवजी पाऊण तास द्या, आणि वरच्या मजल्यावरची लहान खोली बदलून खालचं मोठं सभागृह द्या. ज्यांनी कल्पना ऐकली, त्यांची तीन महिन्यांनी तासाभराची एक ऑनलाइन बैठक ठेवा. तिची तारीख आजच ठरवा आणि कार्यक्रमपत्रिकेत छापा, म्हणजे हे शिक्षक आपापल्या वेळापत्रकात ती जागा आधीच राखून ठेवतील.